खुर्चीत बसलेला पंच

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका नाइन-बॉल (नऊ नंबरच्या बॉलचा पूल) स्पर्धेत माझी मॅच सोलापूरहून आलेल्या एका मुलाशी लागली. वय एकोणीस-वीस. पहाटेच्या गाडीनं आलेला, क्यू (खेळायची काठी) मित्राचा मागून आणलेला. सात रॅकची, म्हणजे सात डावांची, मॅच होती. चौथ्या रॅकमध्ये तीन नंबरचा बॉल वरच्या कुशनजवळ (टेबलाच्या रबरी कडेजवळ) होता, सहा आणि सात एकमेकांना चिकटून बसले होते. सरळ साफ करत जाण्याची वाट नव्हती, म्हणून मी पांढरा, म्हणजे क्यूनं मारायचा बॉल, आठच्या मागे नेऊन लपवला. नाइन-बॉलमध्ये टेबलावरचा सगळ्यात लहान नंबर आधी लागला पाहिजे, आणि त्याला तीन दिसतच नव्हता. त्यानं कुशनवरून प्रयत्न केला, चुकला. फाउल. पांढरा हातात घेऊन, म्हणजे हवा तिथे ठेवून, मी पुन्हा लपवला. तो पुन्हा चुकला. तिसऱ्या वेळी पांढरा तीनच्या अंगाशेजारून केसभर अंतरानं निघून गेला.

मी उठलो आणि म्हणालो, “सलग तीन फाउल. रॅक माझी.”

तो गोंधळला. “दादा, म्हणजे? मला माहीत नव्हतं.”

रेफरींना बोलावलं. सगळा हॉल एकटे सांभाळत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला एकच प्रश्न विचारला, “तिसरा शॉट मारायच्या आधी, तुझे दोन झालेत, हे त्याला सांगितलं होतं का?”

मी म्हणालो, “नियम त्याला माहीत असायला हवा.”

“नियम माहीत असणं त्याचं काम. आकडा सांगणं तुमचं. सांगितलं नसेल तर हा दुसराच फाउल धरायचा. पांढरा घ्या आणि खेळा.”

त्या दिवशी मला राग आला होता. आज त्या रेफरींचे आभार मानावेसे वाटतात, कारण नियम आणि खिलाडूवृत्ती या विषयावर मी जे काही शिकलो ते त्या दोन वाक्यांत होतं. कडक नियमाचं शस्त्र हातात घेऊन मी उभा राहिलो होतो, आणि नियम मी अर्धाच वाचला होता. जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेच्या नियमांत सलग तीन फाउलला रॅक जाते हे खरं. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की खेळाडू दोन फाउलांवर टेबलाशी आला तर त्याला तसं बजावलं पाहिजे. बजावलं नाही तर पुढचा फाउल तिसरा मोजायचा नाही, दुसराच मोजायचा. म्हणजे शिक्षा जितकी कठोर, तितकीच आधी बोलण्याची सक्ती. माणुसकी नियमाच्या बाहेर कुठे शोधायला जायची गरजच नव्हती. ती कलमातच लिहिलेली होती आणि मी ती पाळली नव्हती.

आपल्याकडे पूल खेळणाऱ्यांत हा वाद सतत चालू असतो. एक गट म्हणतो, “नियम म्हणजे नियम, पैसे भरून स्पर्धेत आलोय.” दुसरा म्हणतो, “अरे, बाही बॉलला लागली म्हणून फाउल घेतोस? मन जरा मोठं ठेव.” दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं मला प्रिय आहेत. दोघांबरोबरही मी रात्री उशिरापर्यंत खेळलो आहे. पण या वादात एक गोष्ट कायम सुटते, ती म्हणजे आपल्या बहुतेक टेबलांवर पंच कोण असतो.

टीव्हीवर दिसणाऱ्या सामन्यात पांढरे हातमोजे घातलेला रेफरी टेबलाशेजारी उभा असतो. आपल्या स्पर्धांत आठ-दहा टेबलांमागे एक फिरता रेफरी मिळाला तरी नशीब. मग टेबलावर निर्णय कोण देतं? याचंही उत्तर नियमांत आहे. रेफरी हजर नसेल तर जो खेळाडू त्या वेळी खेळत नाही, म्हणजे जो खुर्चीत बसून आपल्या पाळीची वाट पाहतोय, त्यानं रेफरीची सगळी कर्तव्यं करायची. सगळी. समोरच्याचा फाउल दिसला तर सांगणं हे कर्तव्य, आणि त्याचे दोन फाउल झालेत हे वेळेवर सांगणं हेही कर्तव्यच. बाकी खेळांत प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दाद मागायची ती तिसऱ्या माणसाकडे. इथे तुम्हीच प्रतिस्पर्धी आणि तुम्हीच न्यायाधीश. एका खुर्चीत दोन माणसं बसलेली असतात, आणि पहिल्याला जिंकायचं असतं.

म्हणून मला “फाउल सांगणारा खडूस” ही आपल्याकडची समजूत चुकीची वाटते. खुर्चीतला माणूस फाउल सांगतो तेव्हा तो हल्ला करत नसतो, त्या खुर्चीचं काम करत असतो. खडूसपणा वेगळा. तो कसा ओळखायचा हेही नियम नीट वाचले की कळतं, कारण या खेळाचे नियम पुन्हा पुन्हा एकच मागणी करतात: जे बोलायचं ते शॉटच्या आधी बोला.

एक उदाहरण घेऊ. कुशनला चिकटलेला बॉल. शॉटमध्ये कुठलाच बॉल पॉकेटमध्ये गेला नाही, तर बॉल लागल्यानंतर काहीतरी कुशनला लागलं पाहिजे. पण बॉल आधीपासूनच कुशनला चिकटलेला असेल तर तो त्याच कुशनला नुसता दाबून भागत नाही. आता तो चिकटलेला आहे की मध्ये कागदाएवढी फट आहे, हे शॉट झाल्यावर कोण ठरवणार? नियम सांगतो, शॉटच्या अगदी आधी कुणीतरी, खेळणाऱ्यानं, समोरच्यानं किंवा रेफरीनं, “चिकटलाय” असं मोठ्यानं जाहीर केलं असेल तरच तो चिकटलेला. कुणी काही बोललं नसेल तर चिकटलेला नाही. तसंच अवघड शॉटचं. समोरचा आता असा काही मारणार आहे की आधी कुठला बॉल लागला हे डोळ्यांना कळणार नाही, असं वाटलं तर खुर्चीतल्यानं आधीच उठून “थांब, रेफरींना बघू दे” म्हणायचं. तो हक्क खेळणाऱ्यालाही आहे. दोघांपैकी कुणी बोलावलं नाही आणि मग वाद झाला, एक म्हणतो लागला, दुसरा म्हणतो नाही, आणि बाकी काहीच पुरावा नाही, तर फाउल झाला नाही असंच धरायचं. आणि फाउल दिसला तर तो पुढचा शॉट सुरू व्हायच्या आत सांगायचा. नंतर नाही. नंतर आठवला तर तो झालाच नव्हता.

हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं की दिसतं, गप्प बसून सापळा लावणाऱ्या माणसाला हे नियम काहीच देत नाहीत. मी सोलापूरच्या मुलाला दोन फाउलांनंतर मुद्दाम सांगितलं नव्हतं का? मुद्दाम नव्हतं, पण सांगायचं सुचलंही नव्हतं. त्याला कळत नाहीये हे दिसत होतं, आणि ते माझ्या सोयीचं होतं.

गोल्फला ही गोष्ट बरीच उशिरा उमगली. २०१७च्या एप्रिलमध्ये एएनए इन्स्पिरेशन स्पर्धेत लेक्सी थॉम्पसन शेवटच्या दिवशी आघाडीवर होती. टीव्हीवर पाहणाऱ्या कुणीतरी ईमेल पाठवला की आदल्या दिवशी एका छोट्या पटच्या (खड्ड्याजवळच्या हलक्या फटक्याच्या) वेळी तिनं खूण करून उचललेला चेंडू मूळ जागेपासून किंचित बाजूला ठेवला. दोन फटके त्या चुकीचे आणि दोन त्यामुळे चुकीचं ठरलेल्या स्कोअरकार्डचे, असे चार फटके दंड तिला ऐन फेरी चालू असताना मिळाले. ती प्ले-ऑफमध्ये हरली. कलम शब्दशः पाळलं गेलं होतं आणि तरी जगभरच्या लोकांना ते अन्यायाचं वाटलं, कारण बोलायची वेळ केव्हाच टळून गेली होती. २०१८पासून प्रेक्षकांच्या अशा तक्रारी घेणं बंद झालं, आणि माहीतच नसलेल्या दंडामुळे स्कोअरकार्ड चुकलं तर त्याचे जादा फटकेही काढून टाकले. “पुढच्या शॉटच्या आत सांगा, नाहीतर विसरा” हे शहाणपण पूलच्या नियमांत आहे, आणि आपण ते नीट वापरत नाही याचं मला वाईट वाटतं.

क्रिकेटमधलं उदाहरण आपल्या जास्त जवळचं. १९४७च्या डिसेंबरमध्ये सिडनी कसोटीत विनू मंकड यांनी क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राऊनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं. त्याच दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राऊनला अगोदर इशारा दिला होता आणि तरी तो पुढे गेला तेव्हा बाद केलं होतं. तरीसुद्धा मंकड यांचं नाव पुढची पाऊणशे वर्षं एखाद्या गुन्ह्याला चिकटावं तसं त्या धावबादला चिकटलं. अखेर ऑक्टोबर २०२२मध्ये क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसीनं ही गोष्ट अनुचित खेळाच्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात नेली. या सगळ्या वादाचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं. इशारा द्यायचा की नाही, हे क्रिकेटनं नियमात कधी लिहिलंच नाही. तो लोकांच्या मनावर सोडला. मग ज्याला जे सभ्य वाटलं त्या फूटपट्टीनं त्यानं दुसऱ्याला मोजलं. पूलनं दोन फाउलांचा इशारा लिहून ठेवला, म्हणून तिथे वाद पाच मिनिटांत मिटतो. माझा मिटला.

आता “मन मोठं ठेव”वाल्यांकडे येतो, कारण खरा मतभेद त्यांच्याशी आहे.

आपल्याकडे बिलियर्ड आणि स्नूकर जिमखान्यांतून वाढले. स्नूकर तर १८७५ साली जबलपूरच्या ब्रिटिश छावणीतच जन्मलं. जगज्जेते झालेले विल्सन जोन्स पुण्याचे, पंकज अडवाणीचा जन्मही पुण्यातला. त्या क्लबांत मार्कर असायचा. तो गुण मोजायचा, बॉल पुसून जागेवर लावायचा, फाउल झाला की सांगायचा. खेळणाऱ्या दोन साहेबांना एकमेकांना काही सांगायची वेळ यायची नाही. पूल मात्र आपल्याकडे पार्लरमधून पसरलं. तासावर टेबल, हरेल त्यानं पैसे भरायचे, मार्कर नाही. फाउलला कुठे दोन चान्स, कुठे पांढरा रेषेमागे, कुठे हातात, दर गल्लीत वेगळं. त्यातून “जाऊ दे रे, परत मार” ही भाषा आली. मित्रांच्या खेळात ती गोड आहे. मी स्वतः रविवारी सकाळी तसाच खेळतो, आणि त्यात काही बदलावं असं मला वाटत नाही. प्रश्न ती भाषा स्पर्धेत येते तेव्हा सुरू होतो.

स्पर्धेत माझ्या औदार्याची किंमत मी भरत नाही. समजा गटसाखळी आहे, चार जणांचा गट, बरोबरी झाली तर जिंकलेल्या-हरलेल्या रॅकच्या फरकानं कोण पुढे जाणार ते ठरतं. मी पलीकडच्या टेबलावर माझ्या मित्राचा एक फाउल सोडून दिला, त्यानं ती रॅक घेतली. संध्याकाळी तो एका रॅकच्या फरकानं पुढे गेला, आणि जो बाहेर पडला तो माणूस आमच्या टेबलाच्या आसपासही नव्हता. त्याला कधी कळणारही नाही की त्याची जागा माझ्या मोठ्या मनानं वाटून टाकली. जे माझं नव्हतंच ते मी दान केलं. सांघिक लीगमध्ये तर हे आणखी उघड असतं, तिथे दान करताना बाकीच्या चौघांच्या खिशात हात घातलेला असतो.

शिवाय हे औदार्य सगळ्यांना सारखं मिळत नाही. एकाच शहरात वर्षानुवर्षं खेळणारे वीस-पंचवीस जण एकमेकांना ओळखतात. त्यांच्यात बाही लागली तर डोळ्यांनीच “चालू दे” होतं. बाहेरगावहून कुणी आला, कुणाच्या ओळखीचा नसलेला, की त्याच्यासाठी नियमपुस्तक उघडतं. मी स्वतः हे केलं आहे. त्याच स्पर्धेत सकाळच्या मॅचमध्ये माझ्या जुन्या मित्राच्या बोटाला पाच नंबरचा बॉल हलला होता आणि मी हसून हात वर केला होता. दुपारी सोलापूरच्या मुलापुढे मला कलम आठवलं. ठरवून केलेला अन्याय नव्हता तो. मर्जीवर सोडलेली सवलत अशीच वागते, ओळखीच्या दिशेनं वाहत जाते.

मुलींच्या बाबतीत हे वेगळ्या रूपात येतं. आमच्याकडे खेळणारी एक मुलगी, चांगली खेळते, लांबून बॉल पॉकेटमध्ये घालण्यात माझ्यापेक्षा सरस. तिचा पांढरा पॉकेटमध्ये गेला की समोरचा हमखास म्हणतो, “चल, परत मार.” तिनं एकदा चिडून पांढरा उचलला आणि त्याच्या हातात ठेवला. “सर, फाउल झालाय. तुमचा आहे, घ्या.” समोरचा ओशाळला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तिला बरोबरीचं धरलेलं नाही हे त्याच्या दयेतून तिला दर वेळी कळत होतं. तिचा फाउल घेणं हाच तिथे आदर होता.

मग खिलाडूवृत्ती कुठे उरली? ती भरपूर उरते, आणि ती या खेळात जितकी लागते तितकी फार थोड्या खेळांत लागत असेल. फक्त तिचं तोंड उलट्या दिशेला असतं. समोरच्याचा फाउल सोडण्यात ती नाही. आपला फाउल आपण सांगण्यात आहे.

यातली सगळ्यात अवघड परीक्षा म्हणजे दुहेरी फटका. पांढरा आणि समोरचा बॉल यांच्यात चॉकच्या वडीएवढंही अंतर नसतं. तुम्ही सरळ मारता. पांढरा समोरच्याला लागतो, थबकतो, आणि तुमच्या क्यूचं टोक अजून पुढेच चाललेलं असतं. ते पांढऱ्याला दुसऱ्यांदा लागतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. बाहेरून पाहणाऱ्याला एकच खूण मिळते: पांढरा त्या बॉलच्या मागोमाग, जवळजवळ तितक्याच वेगानं धावत सुटतो. आवाजही जरा बोदा येतो. पण ज्याच्या हातात क्यू आहे त्याला खुणेची गरज नसते. मागच्या मुठीत, करंगळीकडच्या बाजूला, त्याला दोन ठोके जाणवतात, एक कडक आणि त्याला चिकटून एक मऊ. खुर्चीतल्याला शंका असते, मारणाऱ्याला खात्री. आणि रेफरी पाहत नसेल, दोघांचं म्हणणं वेगळं असेल, तर निकाल मारणाऱ्याच्या बाजूनं जाणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. अशा वेळी जो खेळाडू सरळ होऊन “दोनदा लागला” एवढंच म्हणतो आणि खुर्चीकडे चालू लागतो, त्याच्यासमोर मी मनातल्या मनात नेहमी हात जोडतो. त्यानं नियम सैल केला नाही. जिथे नियमाचे डोळे पोचत नव्हते तिथे स्वतःचे डोळे दिले.

गुंडप्पा विश्वनाथची गोष्ट आपण नेहमी मोठ्या मनाची म्हणून सांगतो. फेब्रुवारी १९८०, वानखेडे, भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची इंग्लंडविरुद्धची एकमेव कसोटी. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८, आणि त्यानंतर बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कर्णधार विश्वनाथला खात्री होती की बॅट लागलेली नाही. त्यानं अपील मागे घेतलं, टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनं १७१ धावांची भागी केली, भारत दहा विकेटनी हरला. या प्रसंगाकडे नीट पाहा. टेलरनं काही चूक केली होती आणि विश्वनाथनं ती पोटात घातली, असं झालेलं नाही. टेलर बाद नव्हताच. विश्वनाथला जे दिसलं ते त्यानं सांगितलं, स्वतःच्या संघाच्या तोट्याचं असूनही सांगितलं. उदार माणूस म्हणण्यापेक्षा मी त्याला खरा साक्षीदार म्हणेन, आणि माझ्या लेखी ते मोठं आहे.

अर्थात सगळ्यांनी प्रामाणिक राहावं एवढ्यावर कुठलाच खेळ चालत नाही. स्नूकरमध्ये आपला फाउल आपण सांगण्याची परंपरा जगात नावाजलेली, तरी तिथे ‘फाउल अँड अ मिस’चा नियम लागतोच. बॉलपर्यंत न पोचण्यातच फायदा असेल तर खेळाडू मुद्दाम कमी पडतात. पुरेसा प्रयत्न झाला नाही असं रेफरीला वाटलं तर समोरचा खेळाडू बॉल होते तसे परत लावून घेऊन त्याला पुन्हा खेळायला लावू शकतो. परंपरा आणि पहारा दोन्ही तिथे शेजारी-शेजारी राहतात, आणि एकानं दुसऱ्याचं काही बिघडलेलं नाही.

कधी कधी मात्र नियमच तोकडा असतो आणि आपण माणसाला दोष देत बसतो. २००१च्या यूएस ओपन नाइन-बॉलच्या अंतिम सामन्यात कोरी ड्यूलनं मिका इमोनेनला ११-० असं हरवलं. त्याचं हत्यार होतं हळू ब्रेक, म्हणजे मांडलेले बॉल फोडणारा पहिला फटका हळू मारणं. सगळे जोर लावून ब्रेक मारत, त्यानं रॅकचा अभ्यास करून अशा बेतानं मारला की कडेचा बॉल पुन्हा पुन्हा पॉकेटमध्ये जायचा आणि बाकीचे सोयीच्या जागी राहायचे. पुष्कळांना हे खेळाच्या इभ्रतीला सोडून वाटलं. पण त्यानं कुठलं कलम मोडलं होतं? पुढे आयोजकांनी ब्रेकवर अटी आणल्या, ठरावीक बॉल रेषेपलीकडे आले पाहिजेत वगैरे, आणि ते योग्य केलं. खेळ बिघडतोय असं वाटलं तर कलम बदलावं. कलम तसंच ठेवून हुशार खेळाडूला असभ्य ठरवणं मला पटत नाही. वेळकाढूपणाचंही तेच. टीव्हीवरच्या बऱ्याच व्यावसायिक सामन्यांत शॉटला तीस सेकंदांचं घड्याळ सगळ्यांना पहिल्या शॉटपासून लागतं, त्यामुळे त्यात कुणाचा अपमान नसतो. आपल्याकडे घड्याळ लागतं ते कुणी तक्रार केली की. मग ज्याच्यावर लागलं तो उरलेली मॅच घड्याळाशी न खेळता तक्रार करणाऱ्याशी खेळतो.

एका नियमापाशी मात्र मी स्वतः अजून अडखळतो. निर्णायक रॅकमध्ये समोरचा टेबलावर असताना तुम्ही आपल्या खेळायच्या क्यूचे दोन तुकडे सोडवायला लागलात, तर तुम्ही मॅच सोडली असं धरलं जातं. नियमामागचा विचार मला समजतो. समोरचा शेवटचा नऊ मारायला वाकलाय आणि इकडे तुम्ही हार मानल्यासारखी आवराआवर करताय. तो सैलावतो, चुकतो, आणि तुम्ही क्यू परत जोडून उभे राहता. हे चालू देता येणार नाही. पण मी एका स्पर्धेत पाहिलंय, पहिल्यांदाच आलेल्या एका पोरानं निराश होऊन क्यू सोडवला, समोरच्याचा नऊ पॉकेटच्या तोंडावर थरथरून थांबला, आणि त्या पोराला मॅच संपल्याचं सांगण्यात आलं. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. समोरच्यानं मॅच घेतली, आणि त्यानं घ्यायलाच हवी होती असं माझं आजही मत आहे. चूक त्याची नव्हती. सकाळी सगळ्यांना गोळा करून हा नियम कुणी सांगितलाच नव्हता, तिथे चूक झाली.

आणि म्हणून माझं मागणं आयोजकांकडे आहे, खेळाडूंकडे नंतर. आपल्या बहुतेक स्थानिक स्पर्धांत लॉट पडतात, फोटो निघतात, प्रमुख पाहुण्यांचं भाषण होतं आणि थेट पहिला ब्रेक. नियम कुठले, तर “नेहमीचे”. हे नेहमीचे म्हणजे नेमके कुठले, ते सोलापूरच्या मुलानं कुणाला विचारायचं? जागतिक नियम इंग्रजीत आहेत आणि बारीक अक्षरात आहेत. भिंतीवर एक कागद हवा, मोठ्या अक्षरात, मराठीत. त्यावर आधी हे लिहा की या स्पर्धेत फाउल फक्त पांढऱ्याचा धरणार की सगळ्या बॉलचा, कारण निम्मी भांडणं एवढ्या एका गोष्टीवरून होतात. रेफरी नसलेल्या मॅचमध्ये फक्त पांढऱ्याचे फाउल धरायची मुभा जागतिक नियमांतच आहे. त्यात बाहीनं दुसरा बॉल हलला आणि शॉटवर त्याचा काही परिणाम झाला नाही, तर फाउल नाही. पण बॉल तिथेच ठेवायचा की परत जागेवर लावायचा हे समोरच्यानं ठरवायचं, आणि त्याला न विचारता पुढचा शॉट मारला तर मात्र फाउल. मोठं मन ज्यांना हवं आहे त्यांना ते इथे मिळतं, सगळ्यांना सारखं, मॅचच्या आधी, ओळखपाळख न बघता. त्याखाली दोन फाउलांनंतर सांगायची जबाबदारी कोणाची ते लिहा, क्यू सोडवण्याचं लिहा, घड्याळ आहे की नाही ते लिहा. पहिल्या ब्रेकच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून तो वाचून दाखवा. नवीन कोण आहे ते विचारा. पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांनी कमी केलं की एवढा वेळ सहज निघतो.

आम्ही जिथे खेळतो तिथे असा कागद करायला घेतला आहे. बरीचशी कलमं लिहून झाली, मराठीसुद्धा बरी उतरली आहे. ‘बॉल इन हँड’ला “पांढरा हातात” असं सगळेच म्हणतात, तेच ठेवलं. बाहीच्या फाउलवर अजून एकमत नाही. दोघे सगळ्या बॉलचे फाउल हवेत म्हणून ठाम आहेत, मी पांढऱ्यापुरतेच ठेवा म्हणतोय. येत्या रविवारी सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी त्यावर हात वर करून मत घेणार आहोत. जे ठरेल ते कागदावर चढेल, आणि पुढच्या स्पर्धेत माझ्या बाहीनं बॉल हलला तर त्या कागदाप्रमाणे मी स्वतः सांगणार आहे.